अमेरिकी कैद्याच्या दाव्याचा निकाल कसा वाचावा

नोव्हेंबर १९७३. टेक्सासच्या एका तुरुंगात ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवताना एक गाठ कैद्याच्या अंगावर पडली आणि त्याची पाठ धरली. पुढच्या तीन महिन्यांत तुरुंगाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला सतरा वेळा तपासलं, तरी दुखणं हटेना. काम करायला नकार दिला म्हणून वर शिक्षाही झाली. त्याने स्वतःच्या हाताने तक्रार लिहून न्यायालयात धाडली. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'एस्टेल विरुद्ध गॅम्बल' या प्रकरणात सांगितलं की, कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेली बेपर्वाई ही राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा आहे. अमेरिकी तुरुंगातल्या वैद्यकीय हक्कांची सगळी इमारत आज याच वाक्यावर उभी आहे. आणि डॉक्टरांविरुद्धचा गॅम्बलचा स्वतःचा दावा? तो त्याच निकालात बुडाला. सतरा वेळा तपासलं, म्हणजे फार तर उपचार चुकले असतील, बेपर्वाई नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

तेव्हा 'कैदी जिंकला की हरला?' हा प्रश्न घेऊन असा निकाल उघडला तर हाती काहीच लागत नाही. निकाल एका टप्प्यावरच्या एका अरुंद प्रश्नाचं उत्तर देत असतो. तो प्रश्न कोणता होता, हे शोधायची रीत इथे सांगतो. कायद्याचे विद्यार्थी, अमेरिकेतल्या बातम्या मराठीत आणणारे पत्रकार, अनुवादक, या सगळ्यांना ती उपयोगी पडेल. स्वतःचं किंवा नातलगाचं प्रकरण चालू असेल, तर मात्र या लेखावर भिस्त ठेवू नका. तिथल्या वकिलाला विचारा.

पायरी १: मूळ कागद मिळवा, आणि तो नक्की निकालच आहे ना ते पाहा

अमेरिकी केंद्रीय न्यायालयांची कागदपत्रं 'पेसर' या सरकारी यंत्रणेत असतात. पानाला १० सेंट, एका कागदाला बहुधा जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. न्यायाधीशाने सकारण लिहिलेला निकाल तिथे फुकट मिळतो. 'कोर्टलिसनर' या मोफत संग्रहातही पुष्कळ कागद सापडतात. पैसे भरण्याआधी तिथे डोकावून घ्या.

प्रकरणाचा क्रमांक साधारण '२:१९-सीव्ही-०१२३४' असा दिसतो. आधीचा २ म्हणजे त्या जिल्हा न्यायालयाची शाखा, १९ म्हणजे दावा २०१९ साली दाखल झाला, 'सीव्ही' म्हणजे दिवाणी, आणि पुढचा अनुक्रमांक. दाव्याच्या प्रकाराला वेगळा संकेतांक असतो. ५५० म्हणजे कैद्याचे नागरी हक्क, ५५५ म्हणजे तुरुंगातली परिस्थिती. बाहेर असलेल्या माणसाने पोलिसांवर लावलेला दावा बहुतेक वेळा ४४० खाली, म्हणजे 'इतर नागरी हक्क' या सदरात जातो. संकेतांक पाहून दावा लावताना माणूस आत होता की बाहेर, याचा अंदाज येतो. पुढे ही गोष्ट फार कामाला येते.

मग डॉकेट, म्हणजे प्रकरणाची रोजनोंद, शेवटून सुरुवातीकडे वाचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण मी एकदा ते टाळलं आणि तोंडघशी पडलो. चाळीसेक पानांचा एक 'निकाल' दोन दिवस खपून मराठीत आणला, आणि मग कळलं की तो निकाल नव्हताच. ती मॅजिस्ट्रेट जजची, म्हणजे जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखालच्या न्यायाधीशाची, शिफारस होती. कैद्यांच्या दाव्यांत पहिली छाननी पुष्कळदा मॅजिस्ट्रेट जज करतात आणि 'अहवाल व शिफारस' लिहितात. त्यावर दोन्ही बाजूंना आक्षेप घ्यायला १४ दिवस मिळतात, आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश ती स्वीकारतात, बदलतात किंवा नाकारतात. माझ्या प्रकरणात ती अर्धी नाकारली गेली होती.

पायरी २: प्रकरण कुठल्या दारात उभं होतं ते ठरवा

साऱ्या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

पहिलं दार छाननीचं. कैद्याने सरकारवर किंवा सरकारी माणसावर लावलेला दावा न्यायालय आधी स्वतःच तपासतं. बऱ्याचदा प्रतिवादीला समन्स जाण्यापूर्वीच. तक्रारीत दम नसेल तर प्रकरण तिथेच संपतं आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. दुसरं दार 'मोशन टू डिसमिस'चं. इथे प्रतिवादी म्हणतो, 'हा सांगतोय ते सगळं खरं धरलं तरी कायद्याने दावा होत नाही.' तिसरं 'समरी जजमेंट'. इथे दोन्हीकडचे पुरावे, जबान्या, वैद्यकीय नोंदी समोर आलेल्या असतात, आणि न्यायालय एवढंच पाहतं की ज्युरीने सोडवावा असा खरा वाद उरलाय का. चौथं खटल्याचं, पाचवं अपिलाचं.

दार ओळखायचं कशासाठी? निकालातली हकीकत कितपत खरी मानायची, ते दारावर अवलंबून असतं म्हणून. पहिल्या दोन दारांत 'रक्षकाने बेड्या घातलेल्या कैद्याला जमिनीवर आपटलं' असं न्यायाधीशाने लिहिलं, तरी ती कैद्याची बाजू असते. न्यायालयाने ती तेवढ्यापुरती खरी धरलेली असते. समरी जजमेंटला प्रतिवादीने अर्ज केला असेल, तर वादग्रस्त गोष्टी कैद्याच्या बाजूने झुकवून मांडलेल्या असतात. इथे एक अपवाद आहे: चित्रफीत. 'स्कॉट विरुद्ध हॅरिस' (२००७) या गाडीच्या पाठलागाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, चित्रफीत वादीचं म्हणणं उघड खोडून काढत असेल, तर ते म्हणणं खरं धरायचं कारण नाही. काय घडलं हे खऱ्या अर्थाने फक्त खटल्यात ठरतं, आणि तिथवर पोचणारी प्रकरणं थोडी.

म्हणून मराठीत लिहिताना 'न्यायालयाला आढळलं' आणि 'वादीच्या म्हणण्यानुसार' यांची गल्लत करू नका. 'रक्षकांनी कैद्याला मारल्याचं अमेरिकी न्यायालयाकडून मान्य' असे मथळे मी वाचलेत. कागद उघडला तर मोशन टू डिसमिस नाकारली गेलेली. म्हणजे दावा फक्त पुढे चालणार होता.

दुसऱ्या दाराचं माप 'अॅशक्रॉफ्ट विरुद्ध इक्बाल' (२००९) या निकालाने ठरवलं, आणि तो दावाही अटकेतल्याच माणसाचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कमध्ये धरपकड झाली, तेव्हा ब्रुकलिनच्या केंद्रीय बंदिगृहात ठेवलेल्या एका पाकिस्तानी माणसाने थेट ॲटर्नी जनरलवर दावा लावला होता. नुसते ठपके ठेवून भागत नाही, ते पटण्याजोगे वाटतील इतका तपशील तक्रारीत हवा, असं न्यायालयाने सांगितलं. उलट वकिलाविना स्वतः लिहिणाऱ्याची तक्रार सैल हाताने वाचावी, असं 'हेन्स विरुद्ध कर्नर' (१९७२) पासून चालत आलंय. बहुतेक कैदी वकिलाविनाच लढतात, त्यामुळे छाननीच्या निकालांत या दोन तत्त्वांची रस्सीखेच दिसते.

पायरी ३: घटनेच्या दिवशी वादी कोण होता?

अटक होत असलेला, कच्चा कैदी, की शिक्षा झालेला? आपल्या बोलण्यात तिघेही 'आत गेलेले'. अमेरिकी कायद्यात मात्र तिघांना राज्यघटनेची तीन वेगळी कलमं लागतात आणि प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी असते.

अटकेच्या क्षणी चौथी दुरुस्ती लागू होते. तिचा मुख्य निकाल 'ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर' (१९८९). शार्लटमधला एक मधुमेही, साखर उतरतेय असं वाटल्याने मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस आणायला दुकानात शिरला, रांग पाहून झटकन परत फिरला. त्या लगबगीचा पोलिसाला संशय आला. पुढच्या झटापटीत त्याचा पाय मोडला. न्यायालयाने ठरवलं की पोलिसाच्या मनात काय होतं ते पाहायचं नाही. त्या जागी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याला तेवढं बळ वाजवी वाटलं असतं का, एवढंच पाहायचं. २०२५ च्या 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' मध्ये याला जोड मिळाली: गोळी झाडली त्या दोन सेकंदांवरच नजर खिळवू नका, आधी काय घडलं तेही बघा.

शिक्षा झालेल्याला आठवी दुरुस्ती लागते, आणि तिथे मन पाहावंच लागतं. मारहाणीचा दावा असेल तर 'हडसन विरुद्ध मॅकमिलियन' (१९९२): बळ शिस्तीसाठी वापरलं की निव्वळ दुखवण्यासाठी? जखम मोठी असायलाच हवी असं नाही. वैद्यकीय किंवा सुरक्षेचा दावा असेल तर 'फार्मर विरुद्ध ब्रेनन' (१९९४): अधिकाऱ्याला धोका प्रत्यक्ष माहीत होता का आणि माहीत असून त्याने डोळेझाक केली का? 'कळायला हवं होतं' एवढं पुरत नाही. कैद्यांचे कितीतरी दावे याच फटीत पडतात, कारण समोरच्याच्या डोक्यात काय होतं हे कोठडीत बसून सिद्ध करणं सोपं नसतं.

मधला कच्चा कैदी. त्याला शिक्षा झालेलीच नाही, म्हणून 'क्रूर शिक्षे'चं कलम लागत नाही. लागते चौदावी दुरुस्ती. 'किंग्सली विरुद्ध हेंड्रिक्सन' (२०१५) मध्ये विस्कॉन्सिनच्या जेलमधल्या एका कच्च्या कैद्याने कोठडीतल्या दिव्यावरचा कागद काढायला नकार दिला, म्हणून रक्षकांनी त्याला बाहेर काढलं आणि टेझरने विजेचा झटका दिला. ज्युरीने रक्षकांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न उरला तो ज्युरीला दिलेल्या सूचनेचा: रक्षकाचं मन पाहायचं की कृती? न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, कच्च्या कैद्यावर वापरलेलं बळ वस्तुनिष्ठपणे अवाजवी असेल तर पुरे.

मग कच्च्या कैद्याला औषध दिलं नाही, तर मन पाहायचं की नाही? इथे अपील न्यायालयांत, म्हणजे विभागवार 'सर्किटां'त, उघड फूट आहे. दुसरं, चौथं, सहावं, सातवं आणि नववं सर्किट किंग्सलीच्या बाजूने झुकलंय. पाचवं, आठवं, दहावं आणि अकरावं मन पाहणाऱ्या जुन्या कसोटीला धरून आहे. म्हणजे एकाच हकिकतीचा दावा कॅलिफोर्नियात (नववं सर्किट) टिकेल आणि टेक्सासमध्ये (पाचवं) पडेल. निकालाच्या पहिल्या पानावरचं न्यायालयाचं नाव टिपून ठेवा, त्यावरून सर्किट कळतं.

पायरी ४: दावा कोणावर लावलाय?

राज्याच्या वा स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्धचे बहुतेक दावे 'कलम १९८३' खाली येतात. हा आकडा म्हणजे साल नव्हे. कलमाचा उगम १८७१ च्या कायद्यात आहे. यादवीनंतर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या दहशतीला आळा घालायला तो झाला, नंतर जवळजवळ झोपून राहिला, आणि १९६१ च्या 'मनरो विरुद्ध पेप' या शिकागो पोलिसांच्या प्रकरणाने जागा झाला.

कलम 'व्यक्ती'वर चालतं. राज्य सरकार आणि राज्याचं तुरुंग खातं या अर्थी व्यक्ती नाहीत ('विल विरुद्ध मिशिगन', १९८९), त्यामुळे खात्याचं नाव घातलेले दावे छाननीतच गळतात. शहर किंवा काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) मात्र व्यक्ती धरली जाते. पण 'मोनेल' (१९७८) नुसार, कर्मचारी चुकला एवढ्यावर ती सापडत नाही, चूक तिच्या धोरणातून किंवा रूढीतून आलेली असावी लागते. वरिष्ठालाही केवळ वरिष्ठ म्हणून ओढता येत नाही. तुरुंगाने कंत्राटावर नेमलेला खासगी डॉक्टर मात्र सुटत नाही, तो सरकारच्या वतीनेच वागतो ('वेस्ट विरुद्ध ॲटकिन्स', १९८८).

प्रतिवादी केंद्रीय अधिकारी असेल तर कलम १९८३ लागत नाही. तिथे 'बिव्हेन्स' (१९७१) हा न्यायालयाने स्वतः काढलेला रस्ता होता, पण तो आज जेमतेम पाऊलवाट उरलाय. २०२५ च्या 'गोल्डी विरुद्ध फील्ड्स' मध्ये केंद्रीय तुरुंगातल्या मारहाणीलाही तो नाकारला गेला.

पायरी ५: गुणदोषावर हरला, की उंबऱ्यातच अडखळला?

१९९६ साली अमेरिकी संसदेने कैद्यांच्या दाव्यांना लगाम घालणारा कायदा केला. निकालांत तो 'पीएलआरए' म्हणून येतो. त्याची मुख्य अट अशी: तुरुंगातली अंतर्गत तक्रार-प्रक्रिया शेवटपर्यंत पार पाडल्याशिवाय तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल दावा लावता येत नाही. मारहाणीची एखादी घटनाही यात धरली जाते. आणि 'पार पाडणं' म्हणजे नियमानुसार, मुदतीत, योग्य नमुन्यावर, प्रत्येक पायरीवर अपील करून ('वुडफर्ड विरुद्ध एंगो', २००६). त्या प्रक्रियेत पैशाची भरपाई मिळणारच नसेल, तरीही.

जेलच्या आतल्या मुदती काही ठिकाणी अगदी थोड्या दिवसांच्या असतात. माणूस इस्पितळात असेल, एकांत कोठडीत असेल, नमुना मिळाला नसेल, तर काय? याचं उत्तर 'रॉस विरुद्ध ब्लेक' (२०१६) मध्ये आहे. प्रक्रिया 'उपलब्ध' असेल तरच ती पार पाडायची. अधिकारी कधीच दाद देत नसतील, नियम सामान्य कैद्याला उलगडणार नाहीत इतके गुंतागुंतीचे असतील, किंवा धाकदपटशाने वा फसवून तक्रार अडवली असेल, तर प्रक्रिया असून नसल्यासारखी. निकालात 'उपलब्ध' हा शब्द दिसला की सावकाश वाचा. तक्रार-पेटीत टाकलेला कागद गायब झाला, रक्षकाने नमुना फाडला, असे प्रसंग इथेच सापडतात. कैद्याने प्रक्रिया पार पाडली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादीवर असते, आणि २०२५ च्या 'पर्टू विरुद्ध रिचर्ड्स' नंतर, हा मुद्दा मूळ दाव्यात गुंतलेला असेल तर निर्णय ज्युरीने करायचा.

दावा लावताना माणूस सुटून बाहेर आलेला असेल, तर ही अट लागत नाही. पहिल्या पायरीतला संकेतांक आठवा.

तक्रार-प्रक्रिया पार पाडली नाही म्हणून फेटाळलेला दावा बहुधा 'विदाउट प्रेज्युडिस' असतो, म्हणजे पुन्हा लावता येतो. कागदावर. प्रत्यक्षात जेलच्या आतली मुदत कधीच सरलेली असते.

याच कायद्यात 'तीन फटके' आहेत. निरर्थक, त्रास देण्यासाठी लावलेला किंवा कायद्याने दावाच होत नाही म्हणून फेटाळलेला, असे तीन दावे झाले की पुढच्या वेळी ३५० डॉलर दाखल-शुल्क हप्त्याने भरायची सवलत बंद. गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तरच सूट. 'लोमॅक्स' (२०२०) नुसार 'विदाउट प्रेज्युडिस' फेटाळणीही फटक्यात मोजली जाऊ शकते.

उंबऱ्यावरच्या दोन अडचणी अजून. 'हेक विरुद्ध हम्फ्री' (१९९४): भरपाई दिल्याने शिक्षाच खोटी ठरणार असेल, तर आधी शिक्षा रद्द करून आणा. सुटका हवी असेल तर मार्ग हेबियस कॉर्पसचा, दिवाणी दाव्याचा नव्हे. आणि मुदत: कलम १९८३ ला स्वतःची मुदत नाही, ती राज्याकडून उसनी घेतात. टेनेसी-केंटकीत १ वर्ष, कॅलिफोर्निया-टेक्सासमध्ये २, न्यूयॉर्कमध्ये ३.

पायरी ६: 'क्वालिफाइड इम्युनिटी' आली की दोन प्रश्न वेगळे करा

अधिकाऱ्याला मिळणारं हे कवच. त्यात दोन प्रश्न असतात. हक्काचा भंग झाला का? आणि तो हक्क त्या वेळी 'स्पष्टपणे प्रस्थापित' होता का? 'पिअर्सन विरुद्ध कॅलहन' (२००९) पासून न्यायालय थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारू शकतं. म्हणून 'अधिकाऱ्याला संरक्षण मिळालं' याचा अर्थ 'त्याने केलं ते कायदेशीर होतं' असा होत नाही. कित्येकदा न्यायालय त्याबद्दल मौनच पाळतं, आणि पुढच्या कैद्यालाही 'हक्क अजून प्रस्थापित नाही' हेच ऐकावं लागतं. हे चक्र मला व्यक्तिशः पटत नाही, पण निकाल वाचताना ते ओळखता यायला हवं.

हक्क प्रस्थापित आहे हे दाखवायला हुबेहूब जुळणारा जुना निकाल लागतोच असं नाही. 'होप विरुद्ध पेल्झर' (२००२) मध्ये अलाबामाच्या कैद्याला उघड्या अंगाने उन्हात सुमारे सात तास खांबाला जखडून ठेवलं होतं. 'टेलर विरुद्ध रिओहास' (२०२०) मध्ये टेक्सासच्या कैद्याला सहा दिवस आधी विष्ठेने माखलेल्या आणि मग गोठवणाऱ्या कोठडीत ठेवलं होतं. पाचव्या सर्किटने अधिकाऱ्यांना कवच दिलं, कारण 'इतक्या थोड्या दिवसांसाठी' हे बेकायदा आहे असं आधी कोणी सांगितलं नव्हतं! सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं: यात घटनाभंग आहे हे कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला कळायला हवं होतं.

कवच नाकारलं तर अधिकारी खटल्याआधीच अपिलात जाऊ शकतो. दोन-तीन वर्षं डॉकेट गप्प दिसलं, तर कारण बहुधा हे असतं.

पायरी ७: शेवटी हातात काय पडलं?

मनाई हुकूम मागितला असेल आणि दरम्यान कैद्याची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली, तर ती मागणी बहुधा निरर्थक ठरते. शारीरिक इजा किंवा लैंगिक कृत्य झालेलं नसेल तर मानसिक त्रासाची भरपाई पीएलआरए अडवतो. वकिलाची फी भरपाईच्या दीडपटीपर्यंतच मिळते, आणि 'मर्फी विरुद्ध स्मिथ' (२०१८) नुसार आधी भरपाईतलाच २५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा तिकडे वळवावा लागतो. वकील अशी प्रकरणं का टाळतात, हे कळायला एवढं पुरे. डॉकेटच्या शेवटी फक्त 'दोन्ही बाजूंच्या संमतीने काढून टाकलं' अशी ओळ असेल, तर बहुधा तडजोड झालेली असते, आणि निकाल शोधत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ८: टिपण लिहा

निकालाचं वजन आधी पाहा. 'एफ.४थ' किंवा 'एफ.३डी' असा संदर्भ असेल, तर तो अपील न्यायालयाचा छापील निकाल आणि त्या सर्किटमध्ये बंधनकारक. नुसता 'डब्ल्यूएल' (वेस्टलॉ या खासगी संग्रहातला) क्रमांक असेल तर बहुधा अप्रकाशित: दाखला देता येतो, बंधन नसतं. मग तो पुढे उलटला का ते बघा. 'सॉसिए विरुद्ध कॅट्झ' (२००१) ने इम्युनिटीच्या दोन प्रश्नांचा क्रम सक्तीचा केला होता, आठ वर्षांत पिअर्सनने ती सक्ती काढली. जुन्या लेखांत सॉसिए अजून जिवंत असल्यासारखा भेटतो.

टिपण पाच-सहा ओळींचं असलं तरी चालेल. नमुना:

'वादी घटनेच्या दिवशी कच्चा कैदी. दावा लावतानाही आत. प्रतिवादी दोन रक्षक आणि काउंटी. टप्पा समरी जजमेंट, हकीकत वादीच्या बाजूने झुकवून मांडलेली. काउंटी सुटली, धोरण दाखवता आलं नाही. एक रक्षक इम्युनिटीवर सुटला, हक्कभंग झाला का यावर न्यायालय गप्प. दुसऱ्यावरचा बळाचा दावा ज्युरीकडे. केंद्रीय जिल्हा न्यायालय; अंतिम निकाल नाही. दुसऱ्या रक्षकाने अपील केलं का, ते ३० दिवसांनी डॉकेटवर पाहणे.'